वाव गाळला आणि दावीद हरवला

हिब्रू बायबलच्या शब्दसूचीची तपासणी चालू आहे. कालचा अख्खा दिवस एका नावात गेला. शमुवेलच्या पुस्तकांत ‘दावीद’ तीन अक्षरांत लिहितात: दालेत (‘द’), वाव (‘व’), दालेत. बायबलमधल्याच ‘इतिहास’ नावाच्या पुस्तकांत चार, कारण मध्ये ‘ई’ दाखवायला योद (‘य’चं अक्षर) घातलेला. उच्चार तोच, पण शोध घेताना ही दोन वेगळी माणसं ठरतात.

आधीच्या तंत्रज्ञाने यावर उपाय केला होता: सगळे वाव-योद गाळायचे. दोन्ही दावीद जुळले, पण उरलं नुसतं दालेत-दालेत. शिवाय ‘दोद’ म्हणजे काका, तोही त्यातच येऊन बसला. दावीदमधला वाव स्वर नाहीच, तो चक्क ‘व’ आहे. ‘दोद’मधला वाव मात्र ‘ओ’. या अक्षरांना भरताड समजणाऱ्याने या कामाला हात लावू नये.

ही अक्षरं उगाच शिरलेली नाहीत. ‘बायत’ (घर) बोलताना आकसून ‘बेत’ झालं, लिहिताना योद तसाच राहिला, आणि योद दिसला की ‘ए’ वाचायची सवय लागली. जेरुसलेमच्या सिलोअम बोगद्यात १८८० साली सापडलेल्या, इ.स.पू. ८व्या शतकाच्या अखेरच्या लेखात हे लख्ख दिसतं. ‘मोत्सा’ (उगम) या शब्दात वाव आहे, कारण तिथला ‘ओ’ ‘अव’मधून आला. ‘कोल’ (आवाज) मध्ये नाही, कारण तो ‘आ’मधून आला.

खरी कसोटी मेम-त्सादे-वाव-ताव (म-त्स-व-त) या चार अक्षरांची. ‘मित्स्वोत’ म्हणजे आज्ञा, ‘मत्सोत’ म्हणजे बेखमीर भाकरी, आणि अक्षरं तीच. निवाडा वावाकडे बघून होत नाही, त्याच्या आधीच्या त्सादेकडे बघून होतो. त्सादेखाली शेवा (इथे स्वर नाही सांगणारी दोन ठिपक्यांची खूण) असेल तर वाव व्यंजन. त्सादेला द्वित्वाचा ठिपकाच असेल, स्वरचिन्ह नसेल, तर वाव म्हणजे ‘ओ’. व्यंजन-वावावरच्या ‘ओ’च्या ठिपक्याला युनिकोडने (संगणकावरच्या अक्षरांच्या संकेतप्रणालीने) २००६ साली वेगळा संकेतांक दिला, पण जुन्या फायलींत तो नसतो. त्यामुळे त्यावर भिस्त ठेवता येत नाही.

आता मूळ लेखन एका रकान्यात जसंच्या तसं ठेवलंय. शेजारच्या रकान्यात फक्त स्वराचे वाव-योद गाळलेत. दावीद दालेत-वाव-दालेत असा परत आला, काका वेगळा झाला.

मृत समुद्राजवळच्या कुमरानला सापडलेली यशयाच्या पुस्तकाची मोठी गुंडाळी अजून बाकी आहे. तिच्यात स्वरचिन्हं मुळीच नाहीत, आणि ‘लो’ (नाही) मध्येसुद्धा जास्तीचा वाव घातलेला सापडतो. तिथे हा नियम चालणार नाही, प्रत्येक वाव डोळ्यांनीच बघावा लागेल. स्तंभ ५४ आहेत. आज पहिला काढलाय.