तुम्ही विचारलंत म्हणून: कॅन्सरमुळे स्तन काढल्यावर नवा का नाही करून घेतला?

लग्नात, हळदीकुंकवाला, गुहागरच्या एसटीत बायका हळूच विचारतात, "हल्ली करून मिळतो ना गो, मग तू का नाही घेतलास?"

मिळतो. मला माहीत नव्हतं किंवा मी घाबरले, असं समजू नका.

छातीत आत बसवायचं सिलिकॉनचं इम्प्लांट सुटसुटीत. पण मला रेडिएशन घ्यायचं होतं, आणि त्याने इम्प्लांटभोवतीचं आवरण आवळून छाती कडक होण्याचा धोका वाढतो. ओटीपोटाची कातडी-चरबी छातीवर लावून तिच्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात; माझ्या पोटावर तेव्हा तेवढी चरबीच नव्हती. उरला पाठीचा रुंद स्नायू छातीवर वळवून स्तन करायचा मार्ग.

मुंबईच्या सर्जननी उभं करून माझ्या पाठीवर पेनाने खुणा केल्या. मी विचारलं, "रहाट ओढता येईल?" ते म्हणाले, रोजची कामं होतात, पण खेचायची ताकद काहींची कमी होते. त्यावर हे म्हणाले, "पंप आहे की. तुला कशाला रहाट?" प्रेमानेच म्हणाले. पण पावसात दोन-दोन दिवस लाइट नसते तेव्हा विहिरीचं पाणी कोण काढतं, हे ह्यांना ठाऊक नव्हतं? मी तडक "नको" म्हटलं.

घरी आले तरी शाई पाठीवर होतीच. माझा हात पोचेना. सासूबाईंनी खोबरेल लावून पुसली आणि पुसता पुसता म्हणाल्या, "तुला हवं असेल तर कर गो. पाणी मी बघेन." सत्तरी उलटलेली बाई! त्यानंतर माझ्या तोंडून होकार निघणं शक्यच नव्हतं.

कपड्यांआड कुणाला कळतंय, असं तेव्हा मी स्वतःला समजावत होते. मलाच कळतं. ब्रामध्ये सिलिकॉनचा खोटा स्तन घातला की मे महिन्यात खाली घामोळं उठतं. कापसाचा हलका, तो वर सरकतो. दर वेळी पदर सावरायचा.

माझ्या मावसबहिणीने पाठीचा स्नायू घेऊन करून घेतला. स्पर्श पूर्वीसारखा कळत नाही म्हणते, पण ती खूश आहे. तेव्हा कुणा नव्या बाईला माझा दाखला देऊ नका. तिचं अंग, तिचा निर्णय.

काही वर्षांनीही करता येतं, असं सर्जन म्हणाले होते. मधल्या काळात माझं वजन वाढलंय. शिमगा झाला की तपासणीला जाईन, तेव्हा पोटाचं पुन्हा विचारणार आहे. अजून ह्यांना बोललेले नाही.