चौथीपर्यंत पैकीच्या पैकी, मग सहावीत काय झालं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पहिल्या घटक चाचणीचे पेपर घरी गेले की दरवर्षी हा प्रश्न येतो, आणि शब्दही जवळपास तेच असतात. "बाई, चौथीपर्यंत गणितात पैकीच्या पैकी होते हो. पाचवीत जरा कमी पडले, पण म्हटलं होईल ठीक. सहावीत एकदम काय झालं?" विचारणाऱ्याकडे स्वतःचं उत्तरही तयार असतं. मोबाईल, मित्र, नवीन सर, नाहीतर "आमच्या घराण्यातच कुणाला गणित नाही".

एकदम काही झालेलं नाही. सहावीत जे दिसतंय ते तिसरी-चौथीपासूनचंच आहे. तेव्हा मार्क मिळत होते म्हणून कुणी वहीत डोकावलं नाही, एवढंच.

मी बरीच वर्षं जिल्हा परिषदेच्या सातवीपर्यंतच्या शाळेत शिकवलं. शिक्षक कमी, त्यामुळे दोन-तीन वर्ग एकाच खोलीत. त्याबद्दल तक्रारी पुष्कळ करता येतील, आणि आम्ही केल्याही. पण एक गोष्ट तिथेच दिसली, जी एका इयत्तेला एक बाई असलेल्या शाळेत सहसा दिसत नाही. चौथीची पाटी आणि सातवीची वही एकाच वेळी समोर असायची. सातवीतल्या मुलाची चूक कुठून आली हे कळायला नुसती मान वळवावी लागायची.

चौथीपर्यंतच्या गणितात अर्थ न कळता बरोबर उत्तर काढता येतं. उभी मांडणी करायची, उजवीकडून सुरुवात, हातचा वर लिहायचा. शाब्दिक उदाहरणात "एकूण" दिसलं की बेरीज, "उरले" दिसलं की वजाबाकी, "प्रत्येकी" दिसलं की भागाकार. हुशार मुलं या खुणा लवकर हेरतात, म्हणून त्यांना मार्क पडतात. पुढे जास्त अडखळतात तीही पुष्कळदा हीच मुलं, कारण त्यांच्या उत्तरांवर कुणी शंका घेतलेली नसते.

आता सहावीचं पुस्तक उघडा. पूर्णांक संख्या, अपूर्णांकांवरील क्रिया, दशांश अपूर्णांक, समीकरणे, गुणोत्तर-प्रमाण, शेकडेवारी, नफा-तोटा, सरळव्याज. सगळं एका वर्षात. धडे जास्त आहेत ही अडचण आहेच, पण खरी अडचण वेगळी आहे. मूल चौथीपर्यंत जे नियम खरे मानून चाललं, ते इथे एकामागोमाग एक खोटे ठरतात.

मोठ्या संख्येतून लहान वजा होते, उलट होत नाही: चौथीत खरं, सहावीत खोटं. गुणलं की वाढतं, भागलं की कमी होतं: अर्ध्यानं गुणून पाहा. जास्त अंक म्हणजे मोठी संख्या: मग ०.१२५ मोठी की ०.५? सहावीतली कितीतरी मुलं ०.१२५ म्हणतात, कारण ती "शून्य पूर्णांक एकशे पंचवीस" असं वाचतात आणि एकशे पंचवीस पाचापेक्षा मोठे आहेतच. शून्य पूर्णांक एक दोन पाच असंच वाचायचं, हे मी म्हणूनच हट्टानं सांगते. आणि हे जुने नियम मुलांनी कुठून पैदा केलेले नसतात. आपणच सांगितलेले असतात. "तीनातून पाच जात नाहीत" हे वाक्य प्रत्येक मराठी शाळेत म्हटलं जातं. "अजून शिकलो नाही आपण, पुढे जातात" एवढं पुढे जोडलं असतं तरी पुरलं असतं.

असं मूल माझ्याकडे आलं की पहिल्या दिवशी मी त्याला सहावीची गणितं देत नाही. २/३ + १/४ विचारते. ३/७ हे उत्तर इतक्या वेळा येतं की ते ऐकून आता नवल वाटत नाही. वर दोन अधिक एक तीन, खाली तीन अधिक चार सात. मग विचारते, याच रीतीनं अर्धा अधिक अर्धा कर. मूल १/२ + १/२ = २/४ लिहितं. २/४ म्हणजे किती? "अर्धा." मग अर्धी भाकरी आणि अर्धी भाकरी मिळून अर्धीच भाकरी झाली का? इथे मूल चपापेल असं तुम्हाला वाटेल. काही चपापतात. पण काही शांतपणे म्हणतात, "भाकरी एकच होणार बाई. पण गणितात असं येतं."

हे वाक्य ऐकलं की दुखणं कुठे आहे ते मला कळतं. या मुलाच्या लेखी भाकरी वेगळी आणि गणित वेगळं. गणितात जे येईल ते लिहायचं, ते पटण्याचा प्रश्नच नाही. छेद सारखे करण्याची रीत अशा मुलाला पन्नास वेळा घोटून दिली तरी ती परीक्षेपर्यंत टिकते आणि नंतर उडते.

अपूर्णांक आपण शिकवतो गोल काढून, भाग पाडून, रंगवून. सुरुवातीला ते ठीक आहे. पण तिथेच थांबलं तर ३/४ ही एक संख्या आहे, ती शून्य आणि एकच्या मध्ये कुठेतरी बसते, हे मुलाला कधी कळतच नाही. त्याच्या दृष्टीनं ते "चारातले तीन रंगवलेले तुकडे" असतं, म्हणून ५/४ समोर आलं की ते विचारतं, चारातले पाच कसे घेणार? प्रश्न बिनतोड आहे. मी ० ते २ अशी रेषा काढते आणि ३/४ कुठे ते दाखवायला सांगते. कोणी तीनच्या शोधात रेषा पुढे वाढवतं, कोणी खूण दोनच्या पलीकडे करतं. सातवीतलीही.

यावर माझा उपाय कागदाच्या पट्ट्या. सारख्या लांबीच्या भरपूर कापायच्या. एकीची घडी घालून निम्मे, पुन्हा घडी घालून पाव, पुन्हा अष्टमांश. दुसरीचे तीन सारखे भाग. हे तीन भाग काही केल्या पहिल्या फटक्यात जमत नाहीत, आणि ती खटपट मी मुद्दाम करू देते. तिसरी दोन्हींखाली ठेवून बारा भागांची. मग २/३ च्या पट्टीला १/४ ची पट्टी जोडायची आणि खाली बघायचं. बारातले आठ आणि बारातले तीन, अकरा. ३/७ लिहिणारं मूल स्वतःच म्हणतं की निम्म्याहून कमी कसं येईल, नुसते २/३ च निम्म्याहून जास्त आहेत. हे त्याच्या तोंडून आलं की मगच लसाविची रीत सांगायची. आधी सांगितली तर पट्ट्या हा नुसता हस्तकलेचा तास होतो.

मराठी मुलाला अपूर्णांक परके नसतात खरं तर. दीडशे, अडीचशे, साडेतीन हजार हे शब्द त्याच्या तोंडी पहिलीपासून आहेत. अडीचशे म्हणजे किती? "दोनशे पन्नास", लगेच. मग २ १/२ × १०० किती? वही उघडली जाते, वरचं-खालचं गुणलं जातं. दोन्ही एकच आहे हे कुणी दाखवलेलंच नसतं. आमच्या आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचेच पाढे पाठ असत. साडेतीनचा पाढा म्हणजे औटकी. रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे होते, तेव्हा पावकी-पाऊणकीशिवाय बाजारहाट होत नसे. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, पुढे शेर-मणही गेले, आणि त्या पाढ्यांचं काम संपलं. ते परत आणा असं मी म्हणत नाही. औटकी पाठ असलेल्या किती जणांना अपूर्णांक कळले होते, कुणास ठाऊक. पण सवायकीच्या पहिल्या चार ओळी, म्हणजे सव्वा, अडीच, पावणेचार, पाच, मुलाकडून पट्टीवर करून घ्या. पावणेचारपाशी ते थबकतं आणि मग त्याचा चेहरा उजळतो.

भागाकाराचंही असंच. अर्ध्या लिटरच्या बाटल्यांत सहा लिटर दूध भरायचं, किती बाटल्या? "बारा." आता ६ ÷ १/२ कर. वहीत तीन. उत्तर डोक्यात होतं, पण कागदावर चिन्ह दिसलं की डोकं बाजूला.

दुसरी गोष्ट बरोबरच्या चिन्हाची. ८ + ४ = □ + ५ हे मुलाला देऊन बघा. बहुतेक मुलं चौकटीत १२ लिहितात, थोडी १७. अमेरिकेतल्या संशोधकांनी १९९० च्या दशकात तिथल्या सहावीच्या मुलांना हाच प्रश्न दिला होता, तिथेही हीच दोन उत्तरं आली. म्हणजे आपलीच मुलं वेगळी नाहीत. पहिलीपासून बरोबरचं चिन्ह नेहमी शेवटी येतं आणि त्यानंतर मोकळी जागा असते. मूल त्याचा अर्थ "आता उत्तर लिही" असा घेतं. दोन्ही बाजू सारख्या आहेत असं ते सांगतंय, हे त्याच्या गावीही नसतं. असं मूल समीकरणांपाशी आलं की "सात पलीकडे नेले की वजा होतात" हे पाठ करतं. का होतात ते विचारा. "तसा नियम आहे." तिसरीत कधीतरी १२ = ७ + □ असं उलटं लिहिलं असतं, ८ + ४ = ६ + ६ खरं की खोटं एवढं विचारलं असतं, तर सहावीत समीकरणांना फार वेळ लागला नसता.

ऋण संख्यांचा बाऊ मला तितका वाटत नाही. धन म्हणजे जवळ असलेलं, ऋण म्हणजे देणं, ही मांडणी ब्रह्मगुप्तानं इसवी सन ६२८ मध्येच करून ठेवली, आणि उधारीचा हिशेब आपल्या मुलांना नीट समजतो. फक्त ऋण गुणिले ऋण धन का, इथे कर्जाच्या गोष्टी सांगत बसू नका, गोंधळ वाढतो. −३ गुणिले २, मग १, मग ० असं खाली उतरवत लिहा: −६, −३, ०. पुढची ओळ −३ × −१ ची. काय येणार ते मूलच सांगतं.

आता त्याहून मागचं. काही मुलांच्या बाबतीत अपूर्णांकही नंतरची गोष्ट असते, कारण शतक-दशक-एककच हललेले असतात. ६१२ ÷ ६ = १२. ४०२ − १७८ = ३७६, कारण प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केला. ही मुलं थोडी नाहीत. प्रथम संस्थेच्या 'असर' या शिक्षणाच्या पाहणी अहवालात २०२३ साली २८ ग्रामीण जिल्ह्यांतल्या १४ ते १८ वयाच्या मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागायला दिलं होतं. ४३ टक्क्यांच्या आसपास मुलांना ते जमलं. म्हणजे दहावीच्या वयाला अर्ध्याहून जास्त मुलं तिथेच अडतात.

पण सहावीतल्या मुलापुढे चौथीचं पुस्तक ठेवायचं नाही. ते लाजतं, आणि बहीण-भाऊ चिडवायला टपलेलेच असतात. वजाबाकीसाठी मी देवळालीच्या शाळेत शिकवून गेलेल्या गणिती द. रा. कापरेकर मास्तरांचा आधार घेते. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, चारही अंक सारखे नसलेली. अंक उतरत्या क्रमानं लिहा, चढत्या क्रमानं लिहा, वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर ५४३२ − २३४५ = ३०८७; ८७३० − ०३७८ = ८३५२; ८५३२ − २३५८ = ६१७४. पुढे कितीही करा, ६१७४ च. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ती येते. मुलांचा विश्वास बसत नाही. न येणारी संख्या सापडावी म्हणून ती वहीची पानंच्या पानं हातच्याच्या वजाबाक्या करतात. आली नाही तर वजाबाकी चुकलीय, हेही मला सांगावं लागत नाही.

बाकी घटकांसाठी जुन्या इयत्तांची बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. त्यातली उदाहरणं कागदावर उतरवून द्या, इयत्ता लिहू नका.

पाढ्यांचं विचाराल, तर दहापर्यंत झोपेत विचारले तरी यायला हवेत. ४२/५६ ला अतिसंक्षिप्त रूप द्यायचं आणि सात आठी छप्पनपाशी मूल सात एकेपासून सुरू करत असेल, तर ते मूळ गणित विसरणारच. तीसपर्यंत आले तर छान, पण तेवढ्यासाठी संध्याकाळ रडारडीत घालवू नका. त्यापेक्षा विचारा, सात आठी छप्पन, तर चौदा आठी किती? वेगाच्या क्लासांबद्दल मात्र माझं मत वाईट आहे. सहा अंकी बेरीज चुटकीसरशी करणारं मूल ३/७ लिहिताना मी पाहिलेलं आहे, आणि तेही चुटकीसरशी.

घरी करायचं ते एवढंच: उत्तर बरोबर असलं तरी "कसं काढलंस?" विचारायचं. रागावून नाही, सहज. आणि खोडरबर लपवून ठेवायचा. मला चुकीचं उत्तर वहीत राहिलेलं हवं असतं, त्याशिवाय मी काय बघू?

"किती दिवसांत सुधारेल?" हा पुढचा प्रश्न. अपूर्णांक नीट बसायला एक सत्र जातं. त्या सत्रात मार्क वाढतीलच असं नाही, घटतीलही, कारण आता मूल थांबून विचार करतं आणि पेपर अर्धवट राहतो. बरेच पालक नेमके इथेच क्लास बदलतात. बदला, माझी हरकत नाही. पण त्याआधी दोन्ही पेपर शेजारी ठेवून बघा. जुन्यात सगळे प्रश्न सोडवलेले आणि निम्म्याहून जास्त चुकलेले असतात. नव्यात अर्धे कोरे असतात. जे सोडवलेत, त्यांतले किती बरोबर आहेत ते मोजा आणि मग मला फोन करा.