बिल्ल्याची पाठ

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या मिस्त्रींकडे नटबोल्टांनी भरलेला एक जुना डालड्याचा डबा आहे. बुलेटचं काम चाललेलं असताना मी त्यात हात घालून बसतो. परवा वायसर म्हणून जे वर काढलं, तो निघाला बिल्ला. रुपयाएवढा, निळ्या मीन्याचा, मधे एकमेकींना टेकून उभ्या तीन बंदुका. काठावरच्या इंग्रजी अक्षरांतलं 'क्लब' तेवढं शाबूत.

तीन बंदुका म्हणजे बीएसए, बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. 1861 साली बंदुका बनवायला निघालेली कंपनी पुढं मोटारसायकलींत शिरली, पण खूण तीच ठेवली. मला राहवेना. मिस्त्रींना गोल्ड स्टारची गोष्ट ऐकवली. इंग्लंडातल्या ब्रुकलँड्सच्या सिमेंटच्या ट्रॅकवर शर्यतीत ताशी 100च्या वर एक फेरी मारली की शर्यतीचा क्लब सोनेरी ताऱ्याचा बिल्ला देई. 1937 मध्ये रेसर वॉल हँडलीनं बीएसएवर तो मिळवला आणि कंपनीनं पुढच्या गाडीचं नावच गोल्ड स्टार ठेवलं.

"शंभर? आमचं पोरगं हायवेला रोज जातंय की."

"मैल, मिस्त्री. म्हणजे एकशेसाठ."

मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. "सदतीस सालात?"

बाकीचे क्लब एवढे कडक नव्हते. लंडनचा 59 क्लब तर 1959 साली चर्चनं पोरांसाठी काढलेला. पुढं बिल शेरगोल्ड या पाद्रीबाबांनी लेदर जॅकेटवाल्या बायकरांना त्यात घेतलं. क्लबचा बिल्ला मिरवणं म्हणजे आपल्याकडं गाडीवर तालमीचं नाव असतं, नंबर दिसो न दिसो, त्यातलाच प्रकार.

असे बिल्ले ओळखायचे ते पाठीवरून. बर्मिंगहॅमचे कारागीर मागं आपलं नाव ठोकत, कधी पत्ताही. कारखान्यानं जागा बदलली की पत्ता बदले, त्यावरून बिल्ल्याचा काळ काढता येतो. माझ्या बिल्ल्याच्या पाठीवर मात्र जोडकामाच्या डागाचा एक ओबडधोबड गोळा आणि त्यात रुतलेली पिन.

गुजरीत ओळखीच्या सोनारकाकांकडं गेलो. त्यांनी पुढची बाजू पाहिलीच नाही. आधी उलटा केला, मग काठावरून नख फिरवलं. "मीना खरा हाय. काच वितळवून भरलीया, वर घासून पत्र्याच्या बरोबरीला आणलीया. नकली असता तर रंग खाली बसला असता." मग भिंग लावून हसले. "मागं साडीची पिन डागलीया कुणीतरी."

म्हणजे कुण्या हौशी गड्यानं क्लबचा बिल्ला बायकोच्या पदराला लावला होता!

डागाच्या कडेला एका अक्षराची शेपटी दिसत होती. 'एस' असेल किंवा 'जे'.

"डाग काढून देऊ? पण आच द्यावी लागंल. मीना तडकला तर मला बोलायचं न्हाई."

काकांनी फुंकणी हातात घेतली होती. मी म्हटलं, राहू दे.

बिल्ला आता पुन्हा डब्यात आहे. मिस्त्री म्हणतात, पिन अजून चांगली मजबूत आहे.