मलबार हिल ते चिरागनगर : अण्णाभाऊंच्या गाण्यांच्या वाटेने

लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांच्या 'मुंबईची लावणी'त वर मलबार हिलची श्रीमंती आहे आणि खाली परळात रात्रंदिवस राबणारी, मिळेल ते खाणारी माणसे आहेत. हे दोन टोकांचे शहर ज्या क्रमाने त्यांनी गायले, त्याच क्रमाने ते पाहावे, या इच्छेने मी कमला नेहरू पार्कपासून निघालो. तिथून चौपाटीचा संपूर्ण वळसा नजरेत मावतो. गिरणगाव मात्र उंच इमारतींच्या मागे दडलेले राहते.

टेकडी उतरून हुतात्मा चौकात आलो. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी याच परिसरात संयुक्त महाराष्ट्रासाठी जमलेल्या निदर्शकांवर गोळीबार झाला होता. स्मारकावरचा शेतकरी आणि कामगार मिळून मशाल धरून उभे आहेत, आणि अण्णाभाऊंची 'माझी मैना' ही छक्कड, म्हणजे लावणीच्या ढंगाचे गाणे, याच दोघांची आहे, असे मला तिथे प्रकर्षाने वाटले. पोटासाठी मुंबईला निघालेला गडी गावी राहिलेल्या बायकोच्या रूपाचे वर्णन करतो, तिला कबूल केलेला कोल्हापुरी साज आठवतो, गरिबीने केलेली ताटातूट सांगतो. ऐकणारा त्या विरहात पुरता गुंतल्यावर शाहीर सांगतो, की हीच गत खंडित महाराष्ट्राची झाली आहे, आणि बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव यांची नावे घेतो. सीमाप्रश्नावर तासभर भाषण करूनही जे साधले नसते, ते इथे एका वळणात साधले आहे. चाळीच्या खोलीत दाटीने राहणाऱ्या, बायकामुले गावी ठेवून आलेल्या कामगाराला राजकारण त्याच्याच दुःखातून समजावून देणारी ही रचना मला मराठी शाहिरीतली सर्वांत धारदार रचना वाटते.

पुढे परळ आणि काळाचौकी. १९८२च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. आता जुन्या चाळींच्या डोक्यावर काचेचे मनोरे उभे आहेत. काळाचौकीच्या एका चाळीत गिरणीतून निवृत्त झालेले, मूळचे सातारकडचे एक आजोबा भेटले. लहानपणी त्यांनी वडिलांच्या खांद्यावर बसून लाल बावट्याची गाणी ऐकली होती. अण्णाभाऊ, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे केले, हे मी पुस्तकात वाचले होते; ते गाणे उभे कसे राहते, हे आजोबांनी दाखवले. त्यांनी खुंटीवरचे तुणतुणे काढले, खुंटी पिळून तार चढवली आणि एक ओळ म्हणून ते थांबले.

"इथं शाहीर दम घेतो, बाळा," ते म्हणाले, "आणि मागचे झीलकरी 'जी जी' करून शेवटचा शब्द उचलतात. तेवढ्यात मागच्या रांगेला ओळ पोचते."

"आणि माईक नसला तर, आबा?"

"चाळीच्या अंगणात कसला माईक?"

त्यांनी तीच ओळ पुन्हा म्हटली. या वेळी झील शेजारच्या दारातून आली. कपडे वाळत घालणाऱ्या एका मावशींनी ती सहज धरली होती. छोट्या ओळी, पुन्हा पुन्हा येणारे पालुपद, दर कडव्याला श्वासापुरती जागा ही सगळी बांधणी त्या अंगणाच्या मापाची आहे.

माटुंग्याला फार थांबलो नाही. १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावात जन्मलेले, शाळेत जेमतेम पाऊल टाकलेले अण्णाभाऊ कोवळ्या वयात वडिलांबरोबर पायी मुंबईत आले, हमाली आणि गिरणीतली कामे करत राहिले आणि इथल्या लेबर कॅम्पमध्ये कम्युनिस्ट कार्यकर्त्यांच्या सहवासात लिहू लागले. सुरुवातीचे त्यांचे एक गाणे कॅम्पातल्या मच्छरांवर होते. पुढे तमाशातल्या गणात गणपतीच्या जागी मायभूमीला आणि शिवरायांना वंदन घालण्याचे धाडस त्यांनी केले, त्याची मुळे मला या वस्तीत दिसतात.

घाटकोपरच्या चिरागनगरात पोचेपर्यंत दिवे लागले होते. येथील झोपडीत त्यांनी कित्येक वर्षे काढली. 'फकिरा'चा हा लेखक रशिया पाहून परतला, तोही याच गल्लीत. १८ जुलै १९६९ रोजी ते गेले. आज त्यांच्या कादंबऱ्या विद्यापीठांत शिकवल्या जातात, याचा आनंद आहे. शाहिरी मात्र बहुतांशी जयंतीच्या कर्ण्यांवरच उरली आहे, याची मला मनापासून खंत वाटते. चिरागनगरात त्यांचे स्मारक उभारण्याची घोषणा झालेली आहे. तिथे पुतळा आणि ग्रंथालय यांच्या जोडीला चाळीच्या अंगणाएवढा एक मोकळा मंच असावा, डफ आणि तुणतुणे शिकवणारा एक जाणता माणूस पगारावर नेमावा, आणि काळाचौकीच्या आबांसारख्या लोकांच्या गळ्यात अजून शिल्लक असलेल्या चाली ते असेपर्यंत ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.