होय, आमची पोरगी गाढवावर बसते

सुट्टीला कोल्हापुरात आलोय आणि यावेळी तिकडं थंडी किती, भाडं किती असलं काही कुणी विचारत नाहीये. शिवाजी पेठेतल्या आमच्या गल्लीत ज्याला त्याला एकच विचारायचंय, "वहिनी, पोरीला खरंच गाढवावर बसवतासा व्हय?" कारण मध्ये मिस्टरांनी फॅमिली ग्रुपवर व्हिडिओ टाकला होता, पोरगी हेल्मेट घालून गाढवावर बसलीय आणि शेजारून मी दोरी धरून चालतेय, आणि तो ग्रुपवरून कुठं कुठं फिरला ते ज्योतिबालाच ठाऊक. आबांनी (माझे सासरे) तर तेव्हा फोनवरच सुनावलं होतं, "कावळा नाक्यावर ताराराणीचा घोडा बघा, मागच्या दोन पायांवर उभा आहे, आणि त्या गावची पोर गाढवावर? लोकं काय म्हणतील?"

आता लोकं काय म्हणतील ते मलापण कळतं की. आपल्याकडं गाढवावर बसवायचं म्हणजे धिंड काढायची, नाहीतर मग बीड जिल्ह्यातल्या विडा गावासारखं, तिथं धुळवडीला जावयाला गाढवावर बसवून वाजतगाजत मिरवतात, पण तीही शेवटी चेष्टाच ना. शीतलादेवीचं वाहन गाढव आहे, नाथांनी काशीहून आणलेली गंगेची कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडात ओतली हे आपण लहानपणापासून ऐकतो, पण शाळेत गणित चुकलं की मास्तर गाढवच म्हणणार. त्यामुळं आबांचा राग मला कळला. फक्त मला पोरीची हाडं जास्त महत्त्वाची वाटली, म्हणून सगळ्यांना एकदाच सविस्तर सांगते, म्हणजे परत परत सांगायला नको.

आम्ही राहतो डेव्हनला, इंग्लंडच्या नैऋत्येला, मिस्टरांची नोकरी हॉस्पिटलात आणि घर एका खेड्यात भाड्यानं. या भागात गाढव म्हणजे कुणाला हसू येत नाही. क्लोव्हेली म्हणून समुद्राकाठचं एक गाव आहे, रस्ता इतका उभा आणि दगडी की गाडी जातच नाही, तिथं पूर्वी सगळं सामान गाढवांवरून वरखाली व्हायचं. सिडमथला गाढवांसाठी मोठी संस्था आहे, १९६९ साली एलिझाबेथ स्वेंडसन नावाच्या बाईंनी गाढवं पाळायला सुरुवात केली त्यातून उभी राहिलेली, आता जगभर काम करते. आणि वर उत्तरेला ब्लॅकपूलच्या बीचवर पिढ्यानपिढ्या पोरं गाढवावर बसतायत, तिथं गाढवांसाठी नगरपालिकेचे नियम आहेत, दुपारी जेवणाची सुट्टी पाहिजे, ८ स्टोनच्या वर म्हणजे साधारण ५० किलोच्या वरचा माणूस बसवायचा नाही, आणि शुक्रवारी गाढवांना आठवड्याची सुट्टी. हे ऐकून आमचे दीर म्हणाले, आमच्या कंपनीपेक्षा बरं आहे की.

पोरीला हवा होता पोनी, म्हणजे ठेंगण्या जातीचा घोडा. तिच्या वर्गातल्या दोघीतिघींकडं आहे, मग आमच्याकडं का नाही हे चालू झालं. आमच्या घरमालकीणबाई सत्तरीच्या आहेत, आयुष्य जनावरांत गेलेलं, त्यांचं मागं मोठं कुरण आहे आणि त्यांची जुनी गाढवं म्हातारी होऊन गेल्यावर ते रिकामंच पडलं होतं. त्या म्हणाल्या, सहा वर्षांच्या पोरीला पहिलं जनावर पाहिजे असेल तर पोनी नको, गाढव घेऊ, कुरण माझं, खर्च निम्मा निम्मा. मी म्हटलं सांगा तरी का, तर बाईंनी किटली ठेवली आणि तास दीड तास मला शिकवलं.

त्यातली मुख्य गोष्ट एवढीच की घाबरल्यावर कोण काय करतं. घोडा मोकळ्या गवताळ माळावरचं कळपाचं जनावर, त्याला खट्ट वाजलं की आधी पळायचं आणि मग बघायचं काय होतं ते, कारण पळण्यातच त्याचा जीव वाचत आलाय. गाढवाचे पूर्वज आफ्रिकेतले रानगाढव, खडकाळ कोरड्या भागात विखरून राहणारे, तिथं आंधळेपणानं पळालं तर पाय मोडणार. म्हणून गाढव भ्यालं की थांबतं, कान टवकारतं, बघतं, हिशोब करतं आणि पटलं तरच पुढचं पाऊल टाकतं, याला आपण हजारो वर्षं हट्टीपणा म्हणतोय. (माणसानं गाढव माणसाळवलं त्याला सुमारे ७००० वर्षं झाली म्हणतात, २०२२ मध्ये जनुकांचा मोठा अभ्यास झाला त्यातनं हे निघालं.) आता तुम्हीच सांगा, पाठीवर आपलं पोर असताना जनावर उधळलेलं परवडेल का जागेवर खिळलेलं परवडेल?

हे नुसतं ऐकलं असतं तर मी मान डोलवून विसरले असते. पण मागच्या शरदात आम्ही गल्लीवजा रस्त्यानं चाललो होतो, पोरगी बिस्किटवर (हे गाढवाचं नाव, आम्ही ठेवलेलं नाही, आलं ते नावासकटच), पुढं तिची मैत्रीण पोनीवर, आणि कुंपणातनं फेझंट म्हणून कोंबडीएवढा पक्षी असतो तो फडफडत एकदम बाहेर आला. पोनी सरळ बाजूच्या शेतात घुसला, मैत्रीण चिखलात, नशिबानं काही लागलं नाही पण रडून गोंधळ. बिस्किट? चारी पाय रोवून उभा. कान त्या पक्ष्याकडं, मग पोनीकडं, मग माझ्याकडं, जणू विचारतोय झालं का सगळ्यांचं. पोरगी वर बसून हसत होती. त्या दिवसापासून मिस्टरांनी पोनीचा विषय काढलेला नाही.

दुसरं म्हणजे उंची. घोडा तिकडं हातानं मोजतात, एक हात म्हणजे ४ इंच, आणि मध्यम गाढव १० हातांच्या आसपास, म्हणजे सव्वातीन साडेतीन फूट. मी शेजारून चालताना माझा हात आपसूक पोरीच्या कमरेला लागतो, आणि पडलीच तर फार उंचावरून पडत नाही.

निवडताना मात्र बाईंनी माझा घाम काढला. कुठलंतरी गोंडस पिल्लू बघून मी विरघळले की त्या लगेच पुढं चला म्हणायच्या, कारण ४ वर्षांच्या आतल्या गाढवावर बसायचंच नाही, हाडं पक्की झालेली नसतात. पूर्ण नर तर मुळीच नाही, तो केव्हा चावेल, केव्हा अंगावर येईल नेम नाही, एकतर गाढवी नाहीतर खच्ची केलेला नर, आणि शक्यतो आधी पोरं वाहिलेला. जनावर त्याच्या राहत्या जागी जाऊन बघायचं, चारी पाय उचलून देतं का, कानाला हात लावू देतं का, ट्रॅक्टर जवळून गेला तर काय करतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, जोडीदार नजरेआड गेल्यावर तुमच्याबरोबर चालतं का. एक गाढव दिसायला असं राजबिंडं होतं की मी पैसे काढायलाच निघाले होते, पण सोबतीण दिसेनाशी झाली आणि ते जे ओरडायला लागलं ते अख्ख्या गावानं ऐकलं असणार. बाई म्हणाल्या, त्याची चूक नाही, पण पोरीसाठी नको.

कारण गाढवं जोडीनं जगतात. एकटं गाढव पाळायचंच नसतं, दोन घ्यावीच लागतात, आणि जोडी जमली की जन्माची, एक मेलं तर दुसऱ्याला त्या देहाजवळ थांबू देतात, ते स्वतःहून बाजूला होईपर्यंत उचलत नाहीत, नाहीतर मागं राहिलेलं खाणं सोडतं, आणि खाणं सोडलं की अंगातली चरबी रक्तात उतरून दोनचार दिवसांत जिवावर बेतू शकतं. म्हणून आमच्याकडं बिस्किटबरोबर मॉस आला, तो कुणाला बसू देत नाही, नुसता सोबतीला, आणि खातो मात्र दोघांचं. दोघांचे पासपोर्ट आहेत बरं का! इंग्लंडात घोडा-गाढव कुठलंही असो, पासपोर्ट लागतोच आणि ऑक्टोबर २०२० पासून मानेत चिपपण सक्तीची. आमच्या मामांचा अजून झालेला नाही, हे सांगितल्यापासून ते माझ्याशी जरा तुटक बोलतायत.

खोगिराचं एक सांगते, कारण आपल्याकडं कुणी विचारच करत नाही. घोड्याच्या मानेच्या बुडाला जो उंचवटा असतो तो गाढवाला नावालाच, पाठ सपाट आणि पोट गोल, त्यामुळं घोड्याचं खोगीर टाकलं की ते उतारावर मानेकडं सरकतं नाहीतर पोरासकट एका बाजूला फिरतं. मग शेपटीखालून पट्टा घेतात, दुमची, ती लागतेच. आम्ही नमद्याचं मऊ खोगीर वापरतो, पुढं धरायला कडी असलेलं. रिकिबी अशा घ्यायच्या की पडलं तर पाय अडकून राहणार नाही, बूट टाचेचे, आणि हेल्मेट. रस्त्यावर १४ वर्षांखालच्या पोरांना हेल्मेट घालणं तिकडं १९९० च्या कायद्यानं बंधनकारक आहे, कुरणातही आम्ही काढू देत नाही.

खाणं हा गमतीचा विषय. डेव्हनचं हिरवंगार गवत बघून आपल्याला वाटतं जनावराची चैन आहे, पण गाढव वाळवंटाचं, त्याचं पोट निकस चाऱ्यावर चालतं, जास्त गवत मिळालं की फुगतं, मानेवर चरबीचे थर चढतात आणि खुरांच्या आत सूज येऊन चालता येईना होतं. म्हणून मुख्य खाणं बार्लीचं काड, आपल्या पिंजरासारखं, आणि चरायला मोजून मापून पट्टा आखून. आत्ती गेल्या उन्हाळ्यात आल्या होत्या, येताना कोल्हापुरी गुळाची ढेप, आणि गाढवाला गुळाची चव काय हे एकदा बघूच म्हणून त्यांनी बिस्किटला खडा दिला. चव बरोबर कळली! नंतर आत्ती दिसल्या की कुंपणाशी येऊन ओरडायचा. बाईंनी दुसऱ्याच दिवशी आत्तींना कुरणाकडं जायला बंदी घातली, भाषा येत नसताना दोघींचं कडाक्याचं भांडण झालं ते मी बघितलंय.

सगळं गोडच आहे असं नाही. गाढवाचं केस पावसात भिजतं, घोड्यासारखं पाणी गळून जात नाही, आणि डेव्हनला पाऊस म्हणजे आपल्या गगनबावड्याच्या खालोखाल, त्यामुळं कोरडा गोठा पाहिजेच. खूर दीड दोन महिन्यांनी तासून घ्यावे लागतात. दुखलं खुपलं तर गाढव दाखवत नाही, नुसतं जरा गप्प होतं, ते ओळखायला मोठ्या माणसाची नजर लागते, हे पोरांवर सोडता येत नाही. आणि ज्यांना पोरीनं स्पर्धेत उड्या माराव्यात असं वाटतं त्यांनी गाढवाच्या वाटेला जाऊच नये, गोल गोल फिरवायला लागलं की चौथ्या फेरीला ते थांबतं. डबक्याचं तर विचारू नका. वीतभर पाणी असेल, बिस्किट पुढं पाऊल टाकणार नाही, ओढून काही होत नाही, चाबूक आमच्याकडं नाही. पोरगी पहिल्यांदा चिडायची, टाचा मारायची. आता खाली उतरते, स्वतः त्या डबक्यात उभी राहते, गाणं म्हणते, वाट बघते, आणि कधीतरी तो येतो. घरात मात्र हीच पोरगी दोन मिनिटं जेवणाची वाट बघू शकत नाही, ते वेगळं.

आता इथल्या लोकांचा प्रश्न, कोल्हापुरात जमेल का. रंकाळ्यावर पोरं घोड्यावर बसतात, पन्हाळ्यावर बसतात, कुणी हेल्मेट घालत नाही, घोडेवाला दोरी धरून पळतो आणि आपण फोटो काढतो, त्याबद्दल मला बोलायचंय पण आज नको. गाढवं आपल्याकडं कुंभाराची, वडाराची, वीटभट्टीची, कष्टाचीच. ती आता कमी होत चाललीत, २०१२ च्या पशुगणनेत देशात ३ लाख २० हजारांच्या आसपास होती ती २०१९ ला १ लाख २० हजारांवर आली. जेजुरीला पौष पौर्णिमेला आणि मढीला कानिफनाथांच्या यात्रेत अजून गाढवांचा बाजार भरतो. पण तिथनं एक आणून अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये बांधायचा विचार आमच्या एका भाच्याच्या डोक्यात आलाय, तर बाळा, नको. ज्यानं जन्मभर विटा वाहिल्यात त्याच्या पाठीवर पोर बसवायचं म्हणजे त्याला आणखी एक वीट. गावाकडं रान असेल, दोन गाढवं सांभाळायची तयारी असेल आणि रोज कुणीतरी घरात असेल तरच विचार कर.

आमच्याकडंपण हे कायमचं नाहीच. खोगीर धरून ५० किलोची मर्यादा, पण त्याआधी पाय लांब होतात, अजून तीनचार वर्षांत पोरीचे पाय जमिनीला टेकायला येतील. गाढव मात्र नीट सांभाळलं तर ३० वर्षंही जगतं, मग पुढं त्याचं काय, हे घेतानाच ठरवावं लागतं. बाईंचं म्हणणं, बिस्किटला छोट्या गाडीला जुंपायला शिकवू, पाठीवर वाहण्यापेक्षा ओढणं त्याला सोपं जाईल.

हे मी परवा जेवताना सांगितलं तर आबांनी भाकरी हातातच धरून ठेवली. त्यांच्या लहानपणी घरचा टांगा होता, स्टेशन ते बिंदू चौक. थोड्या वेळानं विचारतात, "गाडी दोन चाकी का चार?" मी म्हटलं दोन. "तंग कोण आवळणार, तू?" मी म्हटलं शिकेन. मग बराच वेळ काही नाही, ताक पिऊन झालं, हात धुतले, आणि मिस्टरांना म्हणाले, "माझ्या व्हिसाचं काय ते बघ. आणि विचारून ठेव, तिकडं टांग्याला लायसन लागतं काय?"