झटका आल्यावर पेशंटला उठवायचं कधी?

मी मेलबर्नमध्ये अर्धांगवायूच्या पेशंटची फिजिओथेरपी करते हे ज्यांना माहीत आहे, त्यांच्याकडून एक प्रश्न हमखास येतो. "आमच्या काकांना पॅरालिसिसचा झटका आलाय गं, त्यांना चालवायचं कधी?" दिसतो तितका सोपा नाही हा प्रश्न. आणि त्याचं उत्तर शोधण्याचं सगळ्यात मोठं काम याच शहरातून झालं आहे, म्हणून हा लेख.

पेशंटला जितक्या लवकर उठवाल तितकं बरं, असं जगभरच्या वॉर्डांत मानलं जात होतं. त्याला कारणही होतं. माणूस नुसता पडून राहिला की छातीत कफ साठतो, पायात गुठळ्या होतात, पाठीला बेडसोर होतात, स्नायू झिजतात. इथल्या फ्लोरी या मेंदूवर संशोधन करणाऱ्या संस्थेतल्या प्रा. ज्युली बर्नहार्ट स्वतः फिजिओथेरपिस्ट आहेत. त्यांनी ही समजूत तपासून पाहायचं ठरवलं. 'अव्हर्ट' नावाच्या या अभ्यासात ५ देशांतल्या ५६ रुग्णालयांमधले २१०४ पेशंट होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एकाला नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्याला २४ तासांच्या आत पलंगावरून उठवायचं, आणि पुढेही जास्त वेळा आणि जास्त वेळ उभं करायचं, चालवायचं असं ठरलं. तीन महिन्यांनी पेशंटची तपासणी करणाऱ्याला तो कुठल्या गटातला आहे हे सांगितलेलं नव्हतं.

२०१५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला. नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी ५० टक्के लोक स्वतःचं सगळं स्वतः करण्याइतके सावरले होते. जास्त जोर लावलेल्या गटात हेच प्रमाण ४६ टक्के होतं. म्हणजे मेहनत जास्त, फायदा कमी! पुढे त्याच आकड्यांचा बारकाईने अभ्यास झाला, तेव्हा दिसलं की सुरुवातीच्या दिवसांत थोडा थोडा वेळ पण अनेकदा उठवलेल्यांची प्रगती चांगली होती, आणि एका दमात जास्त वेळ उठवून ठेवणं मात्र मानवत नव्हतं. ज्या कल्पनेवर इतकी वर्षं घालवली, तिच्या विरुद्ध गेलेला निकाल बर्नहार्ट यांनी जसाच्या तसा जगापुढे ठेवला. मला या कामाचं सगळ्यात जास्त मोल तिथे वाटतं.

इथे ऑस्ट्रेलियात मोजण्याची सवय रोजच्या कामातच मुरलेली आहे. पुनर्वसनाच्या वॉर्डात पेशंट आला की जेवण, अंघोळ, कपडे, जिना, बोलणं, स्मरणशक्ती अशा १८ गोष्टींना १ ते ७ गुण देतात. घरी जाताना पुन्हा देतात. शर्टाचंच बघा. कमजोर हात आधी बाहीत घालायचा, काढताना चांगला हात आधी काढायचा, हे आम्ही शिकवतो. मग आजोबा पलंगाच्या कडेला बसून बाही खांद्यापर्यंत ओढत असतात आणि आम्ही हात मागे घेऊन उभे असतो. बटण लावायला कुणी मदत केली तर तेवढे गुण कमी. देशभरच्या वॉर्डांतली ही माहिती वोलोंगाँग विद्यापीठातल्या केंद्रात जमा होते, त्यामुळे आपल्या वॉर्डातले पेशंट इतरांच्या तुलनेत किती सुधारतात हे प्रत्येक रुग्णालयाला कळतं.

आता आपल्याकडचं. भारतात फिजिओ सगळीकडे मिळत नाही, मग घरच्यांनाच शिकवलं तर? हाही प्रश्न नीट तपासला गेलाय. 'अटेंड' या अभ्यासात भारतातल्या १४ रुग्णालयांमधले १२५० पेशंट होते. पेशंट रुग्णालयात असतानाच घरच्या एकाला व्यायाम शिकवायचे, नंतर घरी जाऊन भेटायचं, अशी एका गटासाठी पद्धत होती. दुसऱ्या गटाला नेहमीचेच उपचार मिळाले. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत ४७ टक्के लोक एकतर दगावले होते किंवा दुसऱ्यावर अवलंबून होते. काहीच फरक नाही. हा निकाल २०१७ साली आला.

तो वाचून मला वाईट वाटलं, कारण सून, मुलगा, बायको किती जिवापाड करतात हे मी पाहिलेलं आहे. पण त्यांच्या मायेत काही कमी आहे असं हा निकाल म्हणत नाही. प्रशिक्षित माणसाचं काम घरच्यांवर सोपवून भागत नाही, एवढंच तो दाखवतो. तालुक्याच्या ठिकाणी फिजिओ नेमण्याचा विषय निघाला की "घरचे करतील की" हे उत्तर म्हणूनच पुरेसं नाही.

घरात कुणाला झटका आला असेल, तर कुणाच्या सांगण्यावरून पहिल्याच दिवशी तासभर उभं करू नका, आणि घाबरून आठवडाभर झोपवूनही ठेवू नका. कधी आणि किती उठवायचं हे डॉक्टरांना आणि फिजिओला रोज विचारा. डिस्चार्ज घेताना पुढची फिजिओथेरपी कुठे आणि आठवड्यातून किती वेळा, हे कागदावर लिहून घ्या. आणि वाचकांत कुणी फिजिओ असाल, तर तीन महिन्यांनी पेशंटला एक फोन करून तो स्वतः काय काय करतो ते वहीत टिपून ठेवा. अशा वह्या कुणी चालवत असेल तर मला नक्की कळवा, आकडे मांडायला मी मदत करीन.