कॅलिब्रेशनच होईना! डोळ्यांच्या प्रयोगातला माझा अनुभव

नजर आणि लक्ष यांच्यावरच्या एका प्रयोगासाठी स्वयंसेवक हवे होते, मी नाव दिलं. फॉर्म, सही, नजरेची तपासणी पटापट उरकली. घोडं अडलं कॅलिब्रेशनला, म्हणजे मी नेमकं कुठे बघतेय हे यंत्राला शिकवण्याला.

हनुवटी स्टँडवर, कपाळ पट्टीला टेकलेलं. पडद्यावर नऊ जागी एकेक करून ठिपका येतो, त्याच्याकडे बघायचं. समोरचा कॅमेरा इन्फ्रारेड प्रकाशात डोळ्याची बाहुली आणि डोळ्यावरची चमक टिपतो, सेकंदाला 1000 वेळा. चूक साधारण अर्ध्या अंशाच्या आत आली तरच पुढे जायचं. माझी येईचना. खुर्ची वर, खुर्ची खाली, चष्मा तिरका, पुन्हा पहिला ठिपका. मान आखडली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शेवटी तिथल्या एका ताईंनी कॅमेऱ्यातलं चित्र नीट पाहिलं. यंत्र माझ्या काजळाच्या रेघेलाच बाहुली समजत होतं! काळं दिसेल ती बाहुली, एवढंच त्याला कळतं. माहितीपत्रकात ‘चष्मा आणा’ लिहायला सुचतं, मग ‘काजळ, मस्कारा नको’ ही एक ओळ का नाही? काजळ पुसलं आणि लगेच जमलं.

पुढचं काम सोपं. मधल्या फुलीवर नजर ठेवायची, बाण दाखवेल त्या बाजूला डोळे न वळवता नुसतं लक्ष द्यायचं, तिथला ठिपका बदलला की बटण दाबायचं. अधूनमधून हेडफोनमध्ये ‘टिक’. पण ‘डोळे हलवू नका’ असं इतकं बजावलेलं, की मी जबडासुद्धा आवळून बसले होते. पापण्या दोन फेऱ्यांच्या मध्ये मिटल्या तर चालतात, हेही विचारल्यावर कळलं. तुम्ही आधीच विचारा.

नंतर माझ्या नजरेचा आलेख बघितला. रोखलेल्या नजरेतही बारीक बारीक पायऱ्या, सेकंदाला एखाद-दोन, एका अंशाहून लहान! हे मायक्रोसॅकेड, म्हणजे डोळ्यांच्या इवल्याशा उड्या. ते आपोआप होतात, आणि प्रयोग त्यांचाच होता. ‘टिक’ झाली की दीडएकशे मिलिसेकंदांच्या आसपास त्या पायऱ्या थांबतात, मग एकदम वाढतात. लक्ष डावीकडे असेल तर बरेचदा त्यांचा कलही डावीकडे, हे हाफेद-क्लार्क या संशोधकांनी 2002 मध्ये आणि एंगबर्ट-क्लीगल यांनी 2003 मध्ये दाखवलं. मेंदूतल्या सुपिरियर कॉलिक्युलस या भागाकडे दृश्य आणि आवाज दोन्हींची खबर येते आणि डोळे वळवण्यातही त्याचा हात असतो. हे ऐकून माझा सगळा थकवा गेला.

आलेख मात्र मागून घ्या, आपणहून कुणी दाखवत नाही.